कसरतीचे तयार विमान : निवड करताना

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत मधुमेह, रक्तदाब, लसीकरण आणि वार्धक्य या विषयांवर अधिकारी व्यक्तींनी पुष्कळ लिहिले आहे व पुढेही लिहितील. या वेळी मी घेतलेला विषय प्रथमदर्शनी पोरखेळाचा वाटण्याचा संभव आहे. रेडिओ-नियंत्रित, हवेत कसरती करणारे आणि कारखान्यातून जवळजवळ तयार होऊन येणारे छोटे विमान विकत घेताना ते कसे निवडावे, हा तो विषय. धार आणि देवास येथील सुस्थित मराठी घरांतून, त्यातही डॉक्टरांच्या घरांतून, हा प्रश्न आता विचारला जाऊ लागला आहे. मुलगा आठवीत गेलेला असतो, परदेशातील काका दिवाळीला यायचे असतात, किंवा स्वतः वडिलांचीच लहानपणची हौस राहून गेलेली असते. मुलाची तपासणी आटोपली की वडील हळूच विचारतात, "डॉक्टरसाहेब, आपण या छंदातले जाणकार. कोणते घ्यावे?"

या प्रश्नाला कंपनीचे नाव सांगून उत्तर देणे सोपे आहे, पण ते योग्य नव्हे. बालरोगशास्त्रात आम्ही औषधाची मात्रा मुलाच्या वजनावर ठरवितो. बाटलीवरील चित्र पाहून ठरवीत नाही. विमानाचेही तसेच आहे. खोक्यावरील रंगीत चित्र, पंखांची लांबी आणि जाहिरातीतील कोलांट्या यांवरून निवड केली तर विमान पहिल्याच दिवशी मोडते. माझे मत असे की, विमान निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात : आपल्याला उपलब्ध असलेले मैदान, चालविणाऱ्याच्या हाताची तयारी आणि मोडल्यानंतर घरी दुरुस्ती करण्याची शक्यता. यांपैकी तिसरी गोष्ट मी सर्वांत महत्त्वाची मानतो. त्याचे कारण पुढे येईल.

धारानगरीचा लाकडी पक्षी

धारकरांना या विषयाचे वावडे असण्याचे कारण नाही. अकराव्या शतकात धारेस राजधानी करून राज्य करणाऱ्या परमार राजा भोजाच्या नावावर 'समरांगणसूत्रधार' हा वास्तुशास्त्रावरील ग्रंथ आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेत टी. गणपतिशास्त्री यांनी तो १९२४ आणि १९२५ साली दोन खंडांत संपादून प्रसिद्ध केला. त्यातील यंत्रांवरील एकतिसाव्या अध्यायात हलक्या लाकडाचा मोठा पक्षी करून त्याच्या पोटात पाऱ्याचे पात्र व त्याखाली अग्नी ठेवण्याची कल्पना मांडली आहे. असे यंत्र प्रत्यक्ष उडाले असे मानण्यास आधार नाही, आणि पूर्वजांनी विमाने उडविली होती असा अभिमान त्यावरून बाळगण्याचेही कारण नाही. तरीही दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. उडणाऱ्या वस्तूचे लाकूड हलके असले पाहिजे, हे ग्रंथकाराला कळले होते. आणि यंत्रांची घडण आपण पूर्णपणे सांगितलेली नाही ती अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्तता राखण्यासाठी, असेही त्याने म्हणून ठेवले आहे.

आजच्या तयार विमानातही मुख्य द्रव्य हलके लाकूडच आहे. दक्षिण अमेरिकेतील, मुख्यतः इक्वेडोर देशातून येणारे बाल्साचे लाकूड घनमीटरला साधारण १०० ते २०० किलोग्रॅम भरते. आपले सागवान त्याच्या तिप्पट-चौपट जड असते. फरक आहे तो गुप्ततेत. आजच्या खोक्यात सविस्तर पुस्तिका असते. कोणता भाग कोठे चिकटवावा, तोल कोठे साधावा, कोणते पाते किती अंश हलावे, हे सारे तीत लिहिलेले असते. ती पुस्तिका उघडून वाचण्याची तयारी घरात कोणाची आहे, हा पहिला प्रश्न स्वतःस विचारावा. विकत घेण्यापूर्वीच ती मिळाली तर अधिकच उत्तम.

'तयार' म्हणजे किती तयार?

'तयार' हा शब्द फसवा आहे. बाजारात त्याच्या पायऱ्या आहेत. आर.टी.एफ. म्हणजे खोक्यातून काढून, बॅटरी भरून लगेच उडविण्याजोगे. त्यात ट्रान्समीटरही असतो. बी.एन.एफ. आणि पी.एन.पी. या प्रकारांत मोटर व सर्व्हो बसविलेले असतात; बी.एन.एफ.मध्ये रिसीव्हरही असतो, पण ट्रान्समीटर आपला लागतो. चौथा प्रकार ए.आर.एफ. यात पंख, धड आणि शेपटी बांधून, वर रंगीत प्लास्टिकचे आवरण इस्त्रीने ताणून बसवून येते. मोटर, सर्व्हो, बिजागऱ्या आणि चाके आपण बसवावयाची असतात. या कामास आठवड्यातील चार-सहा रात्री लागतात.

जुने हौशी लोक या सर्वच प्रकारांकडे नाक मुरडतात. नकाशा पसरून, बाल्साच्या फासळ्या एकेक कापून बांधलेले विमान तेच खरे, बाकीचे विकतचे खेळणे, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण हे म्हणणे मला मान्य नाही. सकाळी शस्त्रक्रिया, दुपारी बाह्यरुग्ण आणि रात्री तातडीचे बोलावणे अशी दिनचर्या असलेल्या माणसाने विमान बांधण्यास सुरुवात केली तर ते दोन वर्षे टेबलावरच पडून राहण्याचा संभव अधिक. तोवर आठवीतला मुलगा दहावीत जातो आणि त्याचे छंद बंद होतात. कारखान्यातील साच्यात जोडलेला पंख नवशिक्याने बांधलेल्या पंखापेक्षा बहुधा सरळ असतो, हेही खरे. वाकड्या पंखाचे विमान कसरत करताना एका अंगाला झुकते आणि शिकणाऱ्यास वाटते की दोष आपल्या हाताचा आहे.

तरीही पूर्ण तयार विमानापेक्षा, शिकून झालेल्या माणसाने, ए.आर.एफ. घ्यावे असे मी आग्रहाने सांगतो. ज्याने बिजागरी स्वतः चिकटविली, सर्व्होचा स्क्रू स्वतः आवळला आणि सुकाणूची तार स्वतः जोडली, त्याला उड्डाणापूर्वी काय काय सुटू शकते हे ठाऊक असते. ज्याने काहीच जोडले नाही त्याला ते मैदानावर, विमान कोसळल्यानंतर कळते.

थोरली पाती आणि धाकटी पाती

कसरतीचे विमान आणि शिकाऊ विमान यांत मूलभूत भेद आहे. शिकाऊ विमानाचा पंख धडाच्या वर असतो, टोकांकडे किंचित उचललेला असतो आणि त्याचा खालचा भाग जवळजवळ सपाट असतो. काड्या सोडून दिल्या की ते बरेचसे आपोआप सरळ होते. कसरतीच्या विमानाचा पंख धडाच्या मध्याजवळ, सरळ रेषेत आणि वरून-खालून सारख्या आकाराचा असतो, म्हणून ते उलटेही तितक्याच सहजतेने उडते. त्याची किंमत अशी की ते आपण होऊन सरळ होत नाही. ज्या स्थितीत सोडाल त्या स्थितीत राहते, आणि ती स्थिती जमिनीकडे नाक करून असेल तर जमिनीकडेच जाते.

देवासकरांना थोरली पाती आणि धाकटी पाती हा भेद समजावून सांगावा लागत नाही. कसरतीच्या विमानांतही अशा दोन पात्या आहेत. थोरली पाती म्हणजे रेखीव कसरतींची विमाने. मोठे वर्तुळ, सरळ रेषेतील संथ गिरकी, उभी चढण अशा आकृत्या ती आकाशात आखतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत या वर्गास एफ३ए म्हणतात. त्याची पहिली जागतिक स्पर्धा १९६० साली स्वित्झर्लंडमध्ये झाली आणि अमेरिकेचे एड काझमिर्स्की विजयी ठरले. या वर्गातील विमानाची लांबी व पंखविस्तार प्रत्येकी २ मीटरपर्यंत मर्यादित आहे. धाकटी पाती म्हणजे ज्यांना हौशी लोक 'थ्री-डी' म्हणतात ती विमाने. त्यांचा प्रोपेलर विमानाच्या वजनापेक्षा अधिक ओढ निर्माण करतो, शेपटीची व पंखांची हलणारी पाती अवाढव्य असतात, आणि ती प्रोपेलरवर लोंबकळत हवेत उभी राहतात. जाहिरातींत बहुधा हीच दाखवितात. वॉल्टर एक्स्ट्रा यांच्या 'एक्स्ट्रा ३००' या खऱ्या विमानाच्या छोट्या प्रतिकृती या बाजारात लोकप्रिय आहेत आणि त्या दिसतातही देखण्या.

ज्याला शिकाऊ विमान एकट्याने उडविता व उतरविता येत नाही, त्याने या दोन्ही पात्यांच्या वाटेस जाऊ नये. विमान आपल्यापासून दूर जात असते तोवर डावे ते डावे असते. ते आपल्याकडे तोंड करून येऊ लागले की डावे-उजवे उलटते, आणि हात नेमका तेथेच चुकतो. यावर उपाय सरावाचा. संगणकावरील सिम्युलेटरवर काही आठवडे रोज वीस मिनिटे घालविली तर ही सवय जडते आणि मोडतोडीचा खर्च वाचतो. त्यानंतर शिकाऊ विमान, मग खाली पंख असलेले मधल्या पायरीचे विमान, आणि तदनंतर कसरतीचे, हा क्रम मी सांगतो. लसीकरणाच्या वेळापत्रकासारखाच हा क्रम मोडून काही साधत नाही.

मात्रा वजनावर

आता वजनाकडे वळू. विक्रेता पंखविस्तार सांगतो. आपण वजन आणि पंखाचे क्षेत्रफळ विचारावे. वजनास क्षेत्रफळाने भागले की जे उत्तर येते त्याला पंखभार म्हणू. उदाहरणार्थ, ४० चौरस डेसिमीटर पंख आणि २ किलोग्रॅम वजन असेल तर दर चौरस डेसिमीटरला ५० ग्रॅम भार पडतो. त्याच पंखावर वजन १.६ किलोग्रॅम असेल तर ४० ग्रॅम. विमान ज्या किमान वेगाखाली हवेत टिकत नाही, तो वेग पंखभाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. वजन ४४ टक्क्यांनी वाढले तर हा वेग २० टक्क्यांनी वाढतो. म्हणजे विमान तितक्या अधिक वेगाने उतरवावे लागते. सारख्या पंखांच्या दोन विमानांतून नवख्याने हलके घ्यावे, हा नियम याच गणितातून येतो.

या गणितात मालव्याचा स्वतंत्र वाटा आहे. आपली गावे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहेत. मे महिन्याच्या दुपारी पारा ४२ अंशांवर जातो तेव्हा उंची व उष्णता मिळून येथील हवा, समुद्रसपाटीवरील १५ अंशांच्या प्रमाण हवेच्या मानाने, साधारण १४ टक्क्यांनी विरळ झालेली असते. त्यामुळे किमान वेग आठेक टक्क्यांनी वाढतो आणि त्याच फेऱ्यांवर प्रोपेलरची ओढही तेवढ्याच प्रमाणात, म्हणजे १४ टक्क्यांच्या आसपास, घटते. परदेशातील थंड गावी काढलेल्या चित्रफितीत जे विमान प्रोपेलरवर सहज लोंबकळते, ते देवासच्या वैशाखात धापा टाकील. म्हणून शक्तीत थोडी शिल्लक असलेले आणि भाराने हलके असलेले विमान येथे घ्यावे.

तोल हा याच विषयाचा दुसरा भाग. विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण पाव ते एकतृतीयांश अंतरावर यावा लागतो. नेमकी जागा पुस्तिकेत दिलेली असते. पहिल्या उड्डाणांत तो सांगितलेल्या मर्यादेच्या पुढच्या टोकास ठेवावा. शेपटी जड राहिली तर विमान आवरता येत नाही.

मैदान आणि काळी माती

विमान घेण्यापूर्वी मैदान शोधावे, हे मी प्रत्येकास सांगतो आणि बहुतेकांना ते उलटे वाटते. आपल्याकडील शेतजमीन काळी. पावसाळ्यात तिचा चिखल होतो आणि सोयाबीन उभे असते. ते निघाले की गहू-हरभरा येतो. शेत मोकळे मिळते ते मुख्यतः गव्हाच्या कापणीनंतर पावसापर्यंत. नेमक्या त्याच काळात ऊन कडक असते, वारा जोराचा असतो आणि जमिनीला भेगा पडलेल्या असतात. त्या भेगांत लहान चाके अडकतात, विमान नाकावर उलटते आणि प्रोपेलर मोडतो. म्हणून मोठ्या चाकांचे, मजबूत पायांचे विमान निवडावे. किंवा हातातून सोडून गवतावर पोटाने उतरविता येईल असे फोमचे घ्यावे. शाळा-महाविद्यालयाचे प्रशस्त मैदान परवानगीने मिळत असेल तर त्याहून उत्तम काही नाही. हिवाळ्यातील शांत सकाळ किंवा आपली प्रसिद्ध मालवी संध्याकाळ हा खरा मोसम. सूर्य पाठीशी ठेवून उभे राहावे. आणि संक्रांतीच्या दिवशी आकाश पतंगांना सोडून द्यावे.

मोठे विमान वाऱ्यात स्थिर असते आणि दुरूनही नीट दिसते, म्हणून जाणकार मोठे घ्या असे सांगतात. ते खरे आहे. पण त्याला लागणारे मैदानही मोठे असते. ज्याच्याजवळ फक्त शाळेचे मैदान आहे त्याने एक-सव्वा मीटर पंखाच्या हलक्या विमानावर समाधान मानावे.

फोम की बाल्सा?

फोमच्या विमानास रसिकांच्या जगात मान कमी. बाल्साच्या सांगाड्यावरील आवरणातून उन्हात फासळ्या दिसतात, ती शोभा फोमला नाही. बाल्साचे विमान हवेत रेषा आखते तीही अधिक नेटकी, कारण त्याचा पंख लवत नाही. उलट लवचिक ईपीपी फोमचे विमान जमिनीवर आपटले तर पुष्कळदा उसळून पडते, आणि तुटले तरी फोमला चालणारा गोंद लावून थोड्याच वेळात पुन्हा उडते. बाल्साचा चुरा होतो. फासळी नव्याने कापावी लागते, वरचे आवरण पुन्हा ताणावे लागते. आपल्या उन्हाळ्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत दोघांचेही हाल होतात : बाल्सावरचे आवरण सैल होऊन सुरकुत्या पडतात, फोम वाकतो. सुरकुत्या छोट्या इस्त्रीने जातात. वाकलेला फोम बहुधा तसाच राहतो.

पहिले कसरतीचे विमान फोमचे आणि दुसरे बाल्साचे ए.आर.एफ., असे माझे मत आहे. त्यामागे पैशाचा हिशेब आहे, पण त्याहून मोठे कारण वेगळे आहे. आजच्या सुखवस्तू घरातील मुलास मोडलेली वस्तू दुरुस्त होताना दिसत नाही. पेन बिघडले, नवे आले. सायकल बिघडली, नवी आली. खेळणे तुटले, ते कचऱ्यात गेले. माझ्या पाहण्यातील एका घरी मोठ्या हौसेने आणलेले देखणे विमान पहिल्या मिनिटातच कोसळले. वडिलांनी मुलासमोर ते खोक्यात भरून माळ्यावर टाकले आणि त्यावर पुन्हा कोणी बोलले नाही. विमानाचे नुकसान किरकोळ होते. मुलाने मात्र त्या दिवशी हे शिकून घेतले की जे फसते ते नजरेआड करावयाचे असते. परीक्षेत कमी गुण मिळालेली मुले घरी येण्यास घाबरतात तेव्हा पालक मला कारणे विचारतात. कारणे अशा माळ्यांवरही असतात.

याच्या उलट, रविवारी सकाळी मोडलेला पंख रविवारी रात्री बापलेकांनी मिळून चिकटविला, पुढच्या रविवारी ते विमान थोडे वाकडे का होईना पण उडाले, हा अनुभव कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोठा आहे. म्हणून सुटे पंख, प्रोपेलर, चाके आणि सर्व्हो आपल्या देशात सहज मिळतील तेच विमान घ्यावे. ज्याचा एक भागही मिळत नाही असे दुर्मिळ, सुंदर विमान प्रदर्शनास ठीक.

डॉक्टर म्हणून दोन शब्द

हे खेळणे नव्हे. २ किलोग्रॅमचे विमान ताशी ७२ किलोमीटर वेगाने येते तेव्हा त्यात ४०० जूल ऊर्जा असते. ताशी १४० किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत ती १२० जूलच्या आसपास असते. दहा इंची प्रोपेलर मिनिटास ९,००० फेरे घेतो तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी ४३० किलोमीटर असतो. लहान इंजिन बोट अडकल्यावर बंद पडण्याचा संभव तरी असतो. विजेची मोटर अडथळा आला तरी जोर लावीत राहते. म्हणून घरात जुळणी करताना प्रोपेलर काढून ठेवावा, बॅटरी जोडताना कोणीही प्रोपेलरच्या रेषेत उभे राहू नये, आणि प्रेक्षक मुलांनी चालविणाऱ्याच्या मागेच थांबावे. ट्रान्समीटरचा संपर्क तुटल्यास मोटर आपोआप बंद व्हावी अशी सोय असते. ती प्रत्येक नव्या विमानात जमिनीवरच तपासून पाहावी.

लिथियम-पॉलिमर बॅटरीबाबत अधिक सावध राहावे. तिचा प्रत्येक घट ४.२ व्होल्टच्या वर भरू नये आणि ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये. वापरात नसताना ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावा. फुगलेली किंवा आपटलेली बॅटरी पुन्हा भरू नये. ती भरताना माणूस समोर असावा. रात्री झोपताना, गादीवर किंवा पडद्याजवळ कधीही भरू नये. चार्जर स्वस्तातला घेऊ नये. भाजलेल्या मुलांवर उपचार करणाऱ्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

वयाविषयी माझे मत स्पष्ट आहे. दहा वर्षांखालील मुलास हाताने फेकण्याचे ग्लायडर द्यावे. उड्डाणाचे सारे शास्त्र त्यात आहे. बारा-तेरा वर्षांनंतर, मोठ्या माणसाच्या सोबतीने, दोन ट्रान्समीटर जोडून शिकाऊ विमान द्यावे. शिकवणारा एका कळीने ताबा परत घेऊ शकतो. एन.सी.सी.च्या वायुशाखेत एरोमॉडेलिंग शिकविले जाते. ज्याला ती संधी मिळेल त्याने अवश्य घ्यावी. आणि विमान वडिलांना हवे असेल तर वडिलांनी ते स्वतःच्या नावाने घ्यावे. मुलाच्या वाढदिवसाचे निमित्त करून आणलेले आणि मुलास हातही लावू न दिलेले विमान घरात कलह निर्माण करते.

कायदा

२०२१ सालच्या ड्रोन नियमांच्या कक्षेत अशी विमानेही येतात. केवळ शिक्षण, संशोधन वा मनोरंजनासाठी, नजरेच्या टप्प्यात उडविलेल्या २५ किलोग्रॅमपर्यंतच्या विमानास त्यात 'मॉडेल' म्हटले असून त्यास प्रकार-प्रमाणपत्राची सूट आहे. नोंदणी करून ओळख-क्रमांक घेण्याचे बंधन आहे. २ किलोग्रॅमपर्यंतचे विमान व्यावसायिक कामासाठी वापरावयाचे नसेल तर दूरवैमानिकाचा परवाना लागत नाही. २५० ग्रॅमच्या वरच्या विमानास तृतीय पक्षाच्या विम्याची तरतूद लागू आहे. दोन किलोग्रॅमच्या आत राहण्यास हे आणखी एक कारण. हरित क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडविता येते. विमानतळाच्या कुंपणापासून १२ किलोमीटरपर्यंत निर्बंध आहेत. धार आणि देवास दोन्ही इंदूरच्या विमानतळापासून त्याहून दूर आहेत. तरीही महूची छावणी किंवा देवासची बँक नोट प्रेस यांसारख्या ठिकाणांच्या परिसरात नकाशा पाहिल्याविना विमान बाहेरही काढू नये. आणि टेकडीवर देवीच्या दर्शनास जाणाऱ्या गर्दीवरून ते कधीही नेऊ नये. फेब्रुवारी २०२२ पासून ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुट्या भागांस मोकळीक आहे. म्हणून परदेशातील आप्तांस खोके आणावयास सांगण्यापूर्वी चौकशी करावी. देशात पावतीने घेतलेले बरे.

शेवटी खर्चाचे

एकूण रकमेतील मोठा वाटा विमानावर घालणे हा सर्वत्र आढळणारा प्रकार आहे. मी उलट सांगतो. चांगला ट्रान्समीटर आणि चांगला चार्जर यांवर अधिक खर्च करावा, कारण ते पाच-दहा विमानांना पुरतात. ट्रान्समीटर निवडताना काड्यांची हालचाल मध्याजवळ सौम्य करण्याची आणि पात्यांची हालचाल एका कळीने कमी-अधिक करण्याची सोय पाहावी. कसरतीच्या विमानास ती अत्यावश्यक आहे. विमान साधे घ्यावे आणि सुट्या भागांसाठी रक्कम राखून ठेवावी.

आपल्या मंडळास माझी एक सूचना आहे. प्रत्येक घराने स्वतंत्र विमान घेण्याऐवजी मंडळाने एक शिकाऊ विमान, एक फोमचे कसरतीचे विमान, दोन जोडता येणारे ट्रान्समीटर आणि एक सिम्युलेटर सामाईक घ्यावे. नोंदणी व विमा मंडळातील एका जबाबदार सभासदाच्या नावे रीतसर करावा. महिन्यातून एका रविवारी परवानगीच्या मैदानावर मुलांना आणि मोठ्यांना शिकवावे, आणि त्याच दिवशी दुपारी एका टेबलाभोवती बसून जे मोडले ते सर्वांनी मिळून जोडावे. ज्याचा हात तयार होईल त्याने मग स्वतःचे ए.आर.एफ. घ्यावे, तोवर काय घ्यावे हे त्याला कोणास विचारावे लागणार नाही. या सामाईक पेटीसाठी पहिला गोंद आणि पहिली छोटी इस्त्री माझ्याकडून.